तीनदा कच्ची

१

चारही चेंबरची दारं एकामागून एक उघडली आणि आतून केळी निघाली हिरवीगार. तीही आयुधपूजेच्या आदल्या सकाळी! आयुधपूजा म्हणजे आपल्याकडची खंडेनवमी. त्या दिवशी चेन्नईत रिक्षापासून शिलाई मशीनपर्यंत प्रत्येक वस्तूला गंध लागतं आणि त्या गंधापुढे पिवळी केळी लागतात. इथे गोदामाच्या फाटकावर दुकानदारांचे टेम्पो रांगेत उभे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत, आणि आत काय, तर भजी करायच्या लायकीची केळी.

मी कीर्ती. विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करते. कुणाचं गोदाम जळलं, कुणाचा माल कुजला, की मला बोलावतात, आणि मी तिथे जाऊन सगळ्यांना नकोशी होते. साताऱ्याहून लग्न करून इथे आले त्याला बरीच वर्षं झाली. तमिळ बोलते ते रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतं. वाचायला मात्र अजून येत नाही, आणि हे मी कुणाला सांगत फिरत नाही.

अंबत्तूरच्या त्या फळांच्या गोदामाचे मालक कृष्णकांत मला दारातच भेटले. मोठा माणूस, पांढरा शर्ट, कपाळावर घाम. "मॅडम, हे मुद्दाम केलंय," ते म्हणाले. "आणि कुणी केलंय तेही मला माहीत आहे. तुम्ही फक्त रिपोर्ट लिहा."

मला असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. म्हटलं, "मग मला कशाला बोलावलंत? तुम्हीच लिहा की!"

पण त्यांची घाई मला लगेच कळली. त्यांच्या विम्यात एक कलम होतं: नोकराने मुद्दाम नुकसान केलं तर भरपाई मिळेल, चुकून झालं तर एक छदामही नाही. त्यांना चूक नको होती, चोर हवा होता. तो त्यांनी शोधून स्टुलावर बसवूनही ठेवला होता. साठीच्या आसपासचा, जाड मिशांचा माणूस. गुडघ्यांवर हात, मान खाली.

"हा हंबीरराव," कृष्णकांत म्हणाले. "पोलिसांत तक्रार लिहून तयार आहे. उद्या आमची पूजा झाली की देणार."

२

हंबीरराव तंजावरकडचे. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठ्यांच्या घरातले. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि सूर अगदी तमिळ. आधी ऐकायला गंमत वाटते, मग समजायला लागते.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "मी तो फोन घेतलोंच नाहीं."

कुठला फोन, हे सांगायचं तर आधी अक्काबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे तमिळमध्ये मोठी बहीण. पण इथली अक्का म्हणजे गोदाम चालवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. ती बाईच्या आवाजात बोलते म्हणून कामगारांनी हे नाव ठेवलं. कुठल्या दुकानात किती केळी खपली, कुठला सण आलाय, पाऊस कुठे आहे, ट्रक कुठे अडकलाय, हे सगळं ती बघते आणि कुठल्या चेंबरमधली केळी कधी पिकवायची ते ठरवते. पिकवायचा वायू सोडणं, गारवा कमी-जास्त करणं, सगळं तीच करते. पूर्वी हे काम हंबीररावांचं होतं. ते रोज दार उघडत, वास घेत, एक केळं सोलून बघत. आता दार उघडायला बंदी आहे, कारण वायू आणि गारवा वाया जातो.

अक्काला स्वतःला ठरवता आलं नाही की ती माणसाला फोन करून विचारते. गेल्या शुक्रवारी तिचं तसंच झालं. सण म्हणतोय पिकव, आणि हवामान खातं म्हणतंय मोठा पाऊस येणार, गाड्या निघणार नाहीत, पिकवलंस तर कुजेल. मग तिने ड्यूटीच्या फोनवर विचारलं. ड्यूटी हंबीररावांची होती. उत्तर आलं, कच्ची ठेव. पाऊस काही आलाच नाही. केळी पिकायला चार दिवस लागतात, आणि ते चार दिवस गेले.

"फोन तुमच्याकडे होता ना?" मी विचारलं.

"लोड आला, उतरवाला गेलों. फोन हातांत धरलों तर केळीचा घड कसा धरणार? म्हणून मेजावर ठेवलों. परत आलों तर तिथेंच होता."

"मधल्या वेळात तुमच्या केबिनमध्ये कोण कोण आलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "तिघं. एकमेकांना बघत आलीं, गेलीं. सगळीं कबूल आहेत. पण मी कोणाचं नांव घेत नाहीं. बघितलों नाहीं ते बोलणार नाहीं."

"अहो काका, उद्या पोलीस येणार आहेत!"

"येऊं देत," ते म्हणाले. "सदतीस वर्षं केळीं पिकवलों. आतां माझ्या नांवावर हें?" ते उठून नळाकडे गेले. मी तिथेच ठरवलं की हा माणूस खोटा निघाला तर निघू दे, पण ते मी स्वतः शोधून काढीन. कृष्णकांतांच्या शब्दावर एक ओळ लिहिणार नाही.

३

केबिनमध्ये येऊन गेलेल्या तिघांतला पहिला मंदार. अक्काची देखभाल करणारा तरुण. घर मराठी, पण जन्म आणि वाढ इथल्याच टी. नगरची, त्यामुळे मराठी बोलताना दर चौथ्या शब्दाला अडखळायचा. तो कॉम्प्युटरपुढे बसला होता आणि कॉम्प्रेसर एवढ्या जोरात घरघरत होता की मला ओरडावं लागलं.

"अक्काने फोन केला त्याची नोंद दाखव!"

"एन्ना?" तो कानाला हात लावून म्हणाला.

"नोंद! नोंद!"

"हां मॅम, सॉरी." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. सगळं इंग्रजीत होतं. प्रश्न: पिकवायचं की कच्चं? उत्तर: कच्चं. खात्री आहे? कच्चं. शेवटचं विचारते. कच्चं. त्याखाली माणसाचं नाव, हंबीरराव.

"तीनदा?"

"तीनदा, मॅम. एकदा चूक होऊ शकते म्हणून मीच अक्काला तीनदा विचारायला लावलं. सर म्हणतात, तीनदा तेच सांगितलं म्हणजे मुद्दामच आहे." त्याचा चेहरा पडला होता. "मला ते... काका तसे नाहीत, मॅम. पण माझ्याकडे दुसरं एक्स्प्लनेशन नाही."

"आवाज ऐकव."

"आवाज ठेवत नाही. शब्द समजला की आवाज पुसून टाकते. कुणाची प्रायव्हसी आणि ते सगळं."

"मग हे हंबीररावच बोलले हे तिला कसं कळलं?"

मंदारने पडद्यावरच्या नावाकडे पाहिलं. "फोन त्यांच्या नावावर आहे ना."

म्हणजे ज्याचा फोन तो माणूस! एवढी हुशार अक्का, पण कोण बोललं हे तिला ठाऊक नव्हतं. हा माझ्या हाती लागलेला पहिला धागा.

"आणि चार दिवस कुणाला पत्ता लागला नाही? पडद्यावर काही दिसलं नाही?"

"दिसलं ना. रोज हिरवी खूण. ठरल्याप्रमाणे चाललंय, अशी." तो कसनुसा हसला. "ठरल्याप्रमाणेच चाललं होतं, मॅम. ठरलंच कच्चं होतं."

खूण सगळ्यांनी पाहिली, आणि दार कुणी उघडलं नाही. मला इतका राग आला, पण कुणावर काढावा तेच कळेना.

दुसरा शेषगिरी, माल चढवणाऱ्यांचा मुकादम. हंबीररावांशी त्याचं कधीच पटलं नव्हतं, हे त्याने स्वतःच तमिळमध्ये सांगितलं, वर दोन शिव्याही दिल्या. शुक्रवारी तो केबिनमध्ये पाणी प्यायला गेला होता. "फोन होता मेजावर. मी कशाला हात लावू? तो अक्काचा फोन आहे. वाजला की लेक्चर देते."

"फाटकावरचे टेम्पो तर पिवळी केळी भरून निघाले. ती कुठून आणून दिलीत?"

त्याची नजर हलली. "कोयंबेडू मार्केटमधून."

"कुणाच्या गाळ्यावरून?"

"माझ्या मेहुण्याच्या," तो म्हणाला.

४

आता माझ्याकडे कारण असलेला माणूस होता. शेषगिरीने फोन उचलला, कच्ची ठेव म्हणाला, मेहुण्याचा धंदा झाला आणि वर हंबीरराव अडकले. इतकं सरळ की मला ते आवडेना. मेहुण्याकडून माल घ्या असं कृष्णकांतांनीच सकाळी सांगितलं होतं, हे मी लगेच विचारून घेतलं. मार्केटमध्ये सणाच्या सकाळी दुसऱ्या कुणाकडे एवढा माल शिल्लकच नव्हता.

तिसरी देविका. गोदामाची कामकाज व्यवस्थापक, मूळची नाशिकची, नवीनच बदली होऊन आलेली. मला बघून तिला एवढा आनंद झाला की काय सांगू. "ताई! मराठी! देवच पावला. इथे दिवसभर कुणाशी धड बोलायला मिळत नाही हो."

पोरगी चुणचुणीत होती, मनाने साफ. हंबीररावांचं नाव घेतलं तशी तिचा चेहरा उतरला. "मला वाईट वाटतं, ताई. पण त्यांचा अक्कावर राग आहे. मी आल्यापासून तीनदा तरी म्हणाले, दार उघडू द्या. मी म्हटलं, काका, मी पण सगळं स्क्रीनवरच बघते, तुम्ही पण तसंच बघा."

"शुक्रवारी तू केबिनमध्ये कशाला गेली होतीस?"

"सही घ्यायला. कुणीच नव्हतं. थोडा वेळ थांबले आणि आले परत."

"फोन दिसला?"

"असेल. लक्ष नाही दिलं."

तेवढ्यात शेजारच्या मेजावरचा फोन वाजला. तो तिचा नव्हता, हिशेबनीस बाई जेवायला गेली होती. तरी देविकाने हात लांबवून उचलला. "हॅलो. काय? काय?" ऐकून तिने तोंड वाकडं केलं आणि फोन ठेवला. "रेकॉर्ड केलेलं काहीतरी. कर्ज घ्या नाहीतर प्लॉट घ्या. वाजत राहिलेला फोन मला सहनच होत नाही, आणि उचलावा तर हे!"

मी हसले. माझं लक्ष भलतीकडेच होतं. मला वाटत होतं की ही मुलगी काहीतरी लपवतेय आणि ते काय, ते मला कळत नाहीये. तिने काहीच लपवलं नव्हतं, हे नंतर समजलं.

निघताना कृष्णकांत आडवे आले. "मॅडम, तीनदा सांगितलंय त्याने. अजून काय पुरावा पाहिजे?"

"उद्या पूजेच्या आधी सांगते," मी म्हणाले.

"आणि नाही सांगू शकलात तर?"

"तर तुमची तक्रार तुम्ही द्या," मी म्हणाले आणि बाहेर आल्यावर माझीच जीभ चावली. एका दिवसात मी काय दिवे लावणार होते?

५

दुपार कलताना मी हंबीररावांच्या घरी गेले. रेल्वेस्टेशनमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. दार त्यांच्या बायकोने उघडलं. सकवारबाई. ठेंगणी, नाकात दोन्हीकडे चमक्या, डोळे रडून लाल.

"ये पोरी, बैस. कापी घे," त्या म्हणाल्या. कापी म्हणजे कॉफी, आणि ती मी नको म्हणायच्या आत समोर आली. हंबीरराव आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"त्यांचा अक्कावर राग होता का हो?" मी हळूच विचारलं.

"राग?" त्या उसळल्या. "त्या मिशनीला बोलाला शिकवलें कोण? हेंच! आधीं ती पोथींतलें तमिळ बोलत होती. पोरें हसत होतीं. मग हे त्या मंदारला घेऊन बसले. घरांतलीं माणसें बोलतात तसें शिकव म्हणाले. रोज घरीं येऊन सांगत, आज अक्का असें बोलली, तसें बोलली. मला तर सवत आली असें वाटे."

आतून एक हुंदका आला की खोकला, कळलं नाही. मी कॉफीचा पेला हातात धरून बसले. ज्याने तिला लेकीसारखं बोलायला शिकवलं त्याने तिला फसवायचं कशाला? आणि फसवायचंच होतं तर आपल्याच नावाच्या फोनवरून? पण मग ते तीनदा कच्चं, कच्चं, कच्चं कुठून आलं? कुठल्या शहाण्या माणसाने तेच तेच तीनदा सांगितलं? माणूस निदान वैतागतो तरी. एकदा सांगितलं ना बाई, म्हणतो.

सकवारबाई समोर येऊन बसल्या. काहीतरी बोलल्या. माझं लक्ष नव्हतं.

"काय?" मी म्हणाले.

आणि त्या दुःखातही त्या बाई खुदकन हसल्या. "अय्यो! काय म्हणे! कच्चेंच राहिलें म्हण!"

"काय राहिलं?"

"बघ, परत काय! पोरी, मी विचारले, गेलेलें काम काया, पळमा? तूं म्हणतेस काय!" त्यांनी पदराने डोळे पुसले. "आमच्या घरांत हा जुना खेळ आहे. तुमच्याकडची सून आली कीं तिला पहिल्या दिवशीं हेंच विचारतात. कायी कच्चें, पळम पिकलें. कोणी कामाला जाऊन आला कीं तमिळ लोक विचारतात, काया पळमा? झालें कीं नाहीं? तुमच्याकडची पोर बिचारी म्हणते, काय? कीं सगळीं हसतात, हिचें काम कच्चें!"

मी पेला खाली ठेवला.

"सकवारबाई," मी म्हणाले, "अक्का केळ्यांबद्दल विचारते तेव्हा कुठल्या शब्दांत विचारते?"

उत्तर आतल्या खोलीतून आलं. हंबीरराव उठून दारात उभे होते, मिशा विस्कटलेल्या, डोळे मोठे झालेले.

"काया, पळमा," ते म्हणाले. "मीच शिकवलों."

६

सकाळी गोदाम ओळखू येत नव्हतं. झेंडूच्या माळा, केळीचे खांब, फोर्कलिफ्टला हळदीकुंकू, वजनकाट्याला गंध. मी मंदारला बाजूला घेऊन एक काम सांगितलं. तो "एन्ना?" म्हणाला, मग "अय्यो" म्हणाला, आणि मग पळत आपल्या जागेवर गेला.

हंबीररावांच्या केबिनमध्ये मी सगळ्यांना बसवलं. मंदारने त्याचा पडदा आणून भिंतीला लावला होता. ड्यूटीचा फोन मेजावर, बरोबर शुक्रवारच्या जागी. कृष्णकांत, शेषगिरी आणि हंबीरराव या तिघांना मी आधीच बजावलं होतं की फोन वाजला तर हात लावायचा नाही. देविकाला सांगितलं नव्हतं. तेव्हा मला फार वाईट वाटत होतं. अजूनही वाटतं.

"तुमचं म्हणणं असं," मी सुरुवात केली, "की तीनदा एकच उत्तर आलं, म्हणजे ते मुद्दाम होतं."

"अर्थात," कृष्णकांत म्हणाले.

फोन वाजला. कुणी हललं नाही. वाजत राहिला. देविकाने इकडे तिकडे पाहिलं, खांदे उडवले आणि उचलला.

"हॅलो. काय?" ती थांबली. "काय?" मग वैतागून, "अहो, काय?" तिने फोन ठेवला. "काही नाही, ताई. रेकॉर्ड केलेला आहे."

मी भिंतीकडे बोट दाखवलं. पडद्यावर इंग्रजीत तीन शब्द एकाखाली एक उमटले होते. कच्चं. कच्चं. कच्चं. आणि खाली नाव, हंबीरराव.

देविका पडद्याकडे बघत होती. तिला अजून उलगडलं नव्हतं. हंबीररावांना चेहरा वाचता येत होता, ते पटकन पुढे झाले आणि त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"मी सांगते," मी म्हणाले. "आत्ताचा फोन मी मंदारकरवी अक्कालाच करायला लावला होता. अक्का तमिळमध्ये विचारते, काया, पळमा? म्हणजे कच्चं की पिकलेलं? मराठी माणूस म्हणतो, काय? अक्काला ऐकू येतं, कायी. कच्चं. ती म्हणते, खात्री? माणूस पुन्हा म्हणतो, काय? तीनदा विचारलं की तीनदा कच्चं. चूक होऊ नये म्हणून केलेली सोय, आणि त्याच सोयीने साध्या चुकीचा गुन्हा केला. तुम्हा सगळ्यांना नोंद इंग्रजीत दिसते, त्यामुळे तो शब्द कुणाच्या कानावर पडलाच नाही. माझ्याही नाही."

"पण हीच कशावरून?" कृष्णकांत म्हणाले. "केबिनमध्ये तिघं आले होते."

"दचकलेला माणूस आपल्याच भाषेत 'काय' म्हणतो. मंदार एन्ना म्हणतो. काल माझ्यापुढे म्हणाला, आज पुन्हा म्हणाला. शेषगिरीला तमिळच येतं, त्याला प्रश्न कळला असता आणि तो कायी एकदा म्हणून शिवी देऊन मोकळा झाला असता. हंबीररावांनी तर प्रश्न शिकवलाय. अक्का बोलते कशी हे कधी न ऐकलेला, फोन वाजला की दुसऱ्याचाही उचलणारा आणि तमिळ न कळणारा एकच माणूस शुक्रवारी इथे आला होता."

देविकाचा चेहरा पांढरा पडला. "आला होता फोन," ती हळू म्हणाली. "मला वाटलं जाहिरात आहे. ताई, मी विसरूनच गेले. आणि मी... मी तर सरांना म्हणाले, काकांनीच केलं असणार." ती हंबीररावांकडे वळली. दोन्ही हातांनी तोंड झाकून ती रडायला लागली.

कृष्णकांत उठले. त्यांना भरपाई गेल्याचं एव्हाना कळलं होतं. "मग हिला काढतो. आजच!"

"काढा," मी म्हणाले. माझा पारा चढला होता. "आणि मग अक्कालाही काढा, तिने ऐकलं. मंदारला काढा, त्याने फोनलाच माणूस समजायला शिकवलं. आणि दाराला कुलूप घालणाऱ्याला सर्वांत आधी काढा. चार दिवस, साहेब! एकाने एकदा दार उघडून नाक आत घातलं असतं तरी कळलं असतं. ते दार कुणाच्या हुकमाने बंद होतं?"

ते परत खाली बसले.

"माझा रिपोर्ट सांगतो, चूक. मुद्दाम नाही. एक छदाम मिळणार नाही, आणि तक्रार फाडून टाका."

त्यांनी कागद खिशातून काढला. फाडताना त्यांचे ओठ आवळलेले होते, पण फाडला.

"सर," हंबीरराव म्हणाले. एवढ्या वेळात पहिल्यांदा. "माल गेला नाहीं. केळीं चांगलीं आहेत, फक्त कच्चीं. सण गेला. पण पुढच्या आठवड्यांत लग्नें सुरू होतात."

"तुला काय पाहिजे?" कृष्णकांतांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"रोज एकदां दार उघडाला पाहिजे."

"उघडा," कृष्णकांत म्हणाले. मग जरा थांबून, "आणि, हंबीरराव... जाऊ दे. पूजेला बसा. तुम्हीच करा आज."

७

पूजा हंबीररावांनीच केली. सकवारबाई रेशमी लुगडं नेसून आल्या होत्या आणि कालची बाई हीच का असा प्रश्न पडावा इतक्या रुबाबात उभ्या होत्या. फोर्कलिफ्ट, वजनकाटा, करवती, चाकू, सगळ्यांना गंध लागलं. शेवटी मंदारच्या पडद्याला आणि ड्यूटीच्या फोनला. फोनवर कुंकू लावताना हंबीरराव काहीतरी पुटपुटले. सकवारबाईंनी डोळे वटारले, पण हसल्या.

देविका मागे भिंतीला टेकून उभी होती. तिची माफी मागून झाली होती, चारचौघांत, मोडक्यातोडक्या तमिळमध्ये, कामगारांनाही कळावी म्हणून. पण तिला अजून पुढे यायचं धाडस होत नव्हतं.

कुंकू लावलेला फोन वाजला. सगळे जागच्या जागी थांबले. हंबीररावांनी तो उचलला, क्षणभर हातात धरला, आणि कानाला न लावता तसाच देविकापुढे केला.

"चार चेंबर भरलेत," ते म्हणाले. "लग्नाचा माल. ती आतां विचारणार. तूं सांग."

"काका, मी नको!"

"तूंच. आणि पहिलें पुरतें ऐक."

तिने फोन कानाला लावला. बोटाला कुंकू लागलं. अक्का काय म्हणते ते आम्हाला ऐकू येत नव्हतं, पण आम्हा सगळ्यांना पाठ होतं. देविकाचे ओठ नेहमीच्या सवयीने उघडले, आणि तिने ते मिटले. हंबीररावांकडे पाहिलं.

"पळम," ती म्हणाली.

ती थांबली. ऐकलं. "पळम." आणि तिसऱ्यांदा, आता जरा मोठ्याने, "पळम!"

कुणीतरी टाळी वाजवली. शेषगिरी असावा. हंबीररावांनी फोन तिच्या हातातून घेऊन खिशात ठेवला.

"सरी, बरें झालें," ते म्हणाले. "आतां उद्यां सकाळीं ये. दार उघडून बघूं."